मावळा, जीप आणि फूटपट्टी

दिवाळीची सुट्टी लागली की ठाणे, डोंबिवली, कल्याण या भागांतल्या सोसायट्यांच्या आवारात आणि चाळींच्या अंगणात माती, विटा, दगड आणि गोणपाट गोळा होऊ लागतात. चार-पाच दिवसांत किल्ला उभा राहतो. उतारांवर अळीव किंवा मोहरी पेरलेली असते. वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर तोफा, दरवाजाशी भालदार. बाजारातून आणलेले मावळे पुरले नाहीत की घरातला खेळण्यांचा डबा रिकामा होतो आणि पायथ्याच्या रस्त्यावर जीप, ट्रक, रणगाडा, कधी हेलिकॉप्टरही येते. कारगिलसारखा आधुनिक देखावा करायचा असेल तर या गाड्याच मुख्य ठरतात.

किल्ला पाहायला येणारे परीक्षक मुलांना किल्ल्याचे नाव विचारतात, इतिहास विचारतात, सजावट पाहतात. एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही: इथे मांडलेल्या वस्तू एकमेकांच्या मापाच्या आहेत का? मावळा त्या दरवाजातून आत जाऊ शकेल का? तो सैनिक त्या जीपमध्ये बसू शकेल का? गणित, भूगोल, इतिहास आणि विज्ञान या चारही विषयांच्या शिक्षकांना उपयोगी पडेल असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा बारकाईने विचार केलेली एक जमात जगात आहे. टेबलावर छोटे सैनिक, गाड्या, झाडे, घरे मांडून ठरलेल्या नियमांनी लढाई खेळण्याचा छंद युरोप-अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आणि सैनिक एकाच टेबलावर शोभतील का, हे ठरवण्यासाठी या छांदिष्टांनी काही रीती बसवल्या आहेत. त्या आपल्या किल्ल्याला जशाच्या तशा लागू पडतात.

खेळणे किती पट लहान आहे?

प्रतिकृतीचे प्रमाण म्हणजे मूळ वस्तूची लांबी भागिले प्रतिकृतीची लांबी. १:७२ म्हणजे मूळ वस्तू प्रतिकृतीच्या ७२ पट लांब. हे काढायला मूळ वस्तूचे एक माप ठाऊक असावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्ध झालेली विलीज जीप सुमारे ३.३३ मीटर लांब आणि १.५७ मीटर रुंद होती. मुलाने आणलेली तशीच जीप ५२ मि.मी. लांब भरली तर ३३३० ÷ ५२ = ६४, म्हणजे प्रमाण १:६४. पण इथे थांबू नये. रुंदीही मोजावी. ती साडेचोवीस मि.मी.च्या आसपास असली तर खेळणे खरोखर १:६४ आहे. ती ३० मि.मी. भरली तर रुंदीचे प्रमाण १:५२ निघते, म्हणजे कारखान्याने गाडी गुटगुटीत केली आहे. निदान दोन मापे घेतल्याशिवाय प्रमाण सांगू नये, ही सवय मुलांना प्रयोगशाळेतही उपयोगी पडेल.

आता बाजारातला मातीचा मावळा घेऊ. माणसाची उंची १६८ सें.मी. धरली आणि मावळा ८ सें.मी. उंच असला तर त्याचे प्रमाण १:२१ झाले. या मावळ्याशेजारी वरची ५२ मि.मी.ची जीप ठेवली तर त्याच्या दृष्टीने ती ५.२ × २१, म्हणजे सुमारे १०९ सें.मी. लांब ठरते. म्हणजे लहान मुलाच्या सायकलीएवढीच! या मावळ्याला शोभणारी जीप १६ सें.मी. लांब हवी.

मावळ्याची उंची मोजताना एक अडचण येते. डोक्यावर पागोटे असते आणि पायाखाली मातीची बैठक असते. त्यामुळे अनेक छांदिष्ट तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची मोजतात. १६८ सें.मी. उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १५७ सें.मी.वर असतात. बैठकीची जाडी वगळायची आणि डोळ्यांपर्यंत मोजायचे.

प्रमाणांचे आकडे असे विचित्र का?

प्रतिकृतींच्या बाजारात १०० आणि २०० अशा सरळ आकड्यांपेक्षा ७२, ७६, ८७ असे आकडे अधिक आढळतात. याचे एक कारण फूट-इंचांत आहे. सहा फुटांचा माणूस एका इंचात बसवला तर ७२ इंचांचा एक इंच होतो, म्हणून १:७२. एका फुटाला ४ मि.मी. घेतले तर १:७६ आणि साडेतीन मि.मी. घेतले तर १:८७. फूट आणि मिलिमीटर यांच्या लग्नातून ही अपत्ये जन्माला आली.

दुसरे कारण यंत्रांचे आहे. १:८७ हे खेळण्यातील रेल्वेचे एक लोकप्रिय प्रमाण. परंतु ब्रिटिश इंजिने मुळातच आकाराने लहान, त्यामुळे या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. तेव्हा रूळ तेच ठेवून इंजिने तेवढी १:७६ प्रमाणात मोठी केली गेली. परिणामी ब्रिटनमधल्या असंख्य खेळण्यातील गाड्या आपल्या मापापेक्षा अरुंद रुळांवर धावत आल्या आहेत. जपानच्या तामिया कंपनीच्या रणगाड्यांचे १:३५ हे प्रमाणही असेच. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या एका रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या. त्या जेवढ्या आकारात मावल्या, ते प्रमाण पुढे रूढ झाले.

खालील कोष्टकात काही प्रचलित प्रमाणे दिली आहेत. आकडे मि.मी.मध्ये असून माणूस १६८ सें.मी. उंच, जीप ३.३३ मीटर लांब आणि टी-५५ रणगाडा (पुढे आलेली तोफ सोडून) सुमारे ६.४५ मीटर लांब धरला आहे.

प्रमाण १:३२ — माणूस ५३, जीप १०४, रणगाडा २०२
प्रमाण १:५६ — माणूस ३०, जीप ५९, रणगाडा ११५
प्रमाण १:७२ — माणूस २३, जीप ४६, रणगाडा ९०
प्रमाण १:७६ — माणूस २२, जीप ४४, रणगाडा ८५
प्रमाण १:८७ — माणूस १९, जीप ३८, रणगाडा ७४
प्रमाण १:१४४ — माणूस १२, जीप २३, रणगाडा ४५
प्रमाण १:३०० — माणूस ६, जीप ११, रणगाडा २२

डब्यावर विसंबू नये

खेळण्यातील गाड्यांच्या बाबतीत मोठा घोटाळा डब्यामुळे होतो. १९५३ साली इंग्लंडमध्ये ‘मॅचबॉक्स’ गाड्या निघाल्या. आगपेटीएवढ्या डब्यात मावेल अशी प्रत्येक गाडी करायची, ही त्यांची कल्पना. साहजिकच मोटारगाडी आणि दुमजली बस या दोघीही त्याच डब्यात आल्या. म्हणजे मूळ वाहन जितके मोठे, तितके ते अधिक आक्रसले. आजही रस्त्यावर मिळणाऱ्या अनेक खेळण्यांत मोटार, ट्रक, बस आणि रणगाडा एकाच लांबीचे असतात. प्रत्येकाचे प्रमाण निराळे. म्हणून एकाच पाकिटातल्या गाड्या एकमेकींना जुळतीलच असे नाही.

सैनिकांच्या बाबतीत दुसरा घोटाळा होतो. छंदाच्या दुकानांत सैनिक ‘२८ मि.मी.’ अशा उंचीने विकले जातात. पण ही उंची डोळ्यांपर्यंतची की डोक्यापर्यंतची, हे ठरलेले नाही. डोके, हात आणि शस्त्रे उठून दिसावीत म्हणून ती मुद्दाम मोठी घडवलेली असतात. आपल्या साच्यातल्या मातीच्या मावळ्यांचेही तसेच आहे. अशा सैनिकाला डोक्यावरून मोजले तर एक प्रमाण येते आणि पायांवरून मोजले तर दुसरे. त्याच्याशी जुळणारी गाडी निवडताना माणूस आणि गाडी जिथे एकमेकांना भिडतात तिथे पाहावे. सैनिक जीपशेजारी उभा केला तर चाकाची वरची कड त्याच्या कुठवर येते? बैलगाडी असेल तर मोठे चाक त्याच्या कमरेच्या वर, छातीच्या आसपास येते का? डोळा नेमक्या याच जागी चूक पकडतो.

किती फरक चालतो?

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची विमाने १:७२ आणि रणगाडे १:७६ प्रमाणांत असत. दोन्ही एकाच टेबलावर वापरणाऱ्यांना फारसे खटकले नाही. पण १:७२ आणि १:८७ शेजारी ठेवले तर ताबडतोब खटकते. असे का व्हावे?

७२ ÷ ७६ = ०.९५, म्हणजे लांबीत ५ टक्के फरक. ७२ ÷ ८७ = ०.८३, म्हणजे लांबीत १७ टक्के फरक. पण वस्तू डोळ्यांसमोर लांबी, रुंदी आणि उंची घेऊन उभी असते. घनफळ लांबीच्या घनाप्रमाणे बदलते. ०.९५चा घन ०.८५ येतो, तर ०.८३चा घन ०.५७ येतो. १:८७ची जीप १:७२च्या जीपच्या जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक जागा व्यापते. लांबीत थोडा वाटणारा फरक घनफळात असा फुगतो.

व्यवहारात एवढे पाळावे: एकाच जातीच्या वस्तू (दोन जीपा, दोन मावळे) शेजारी असतील तर लांबीत ५-६ टक्क्यांपेक्षा अधिक फरक नसावा. निरनिराळ्या जातीच्या वस्तूंमध्ये थोडी अधिक सूट चालते, कारण झाड लहान-मोठे असू शकते आणि ट्रकही लहान-मोठे असतात. माणूस आणि दरवाजा, माणूस आणि पायरी, माणूस आणि गाडी यांच्यात मात्र सूट घेऊ नये.

घनाच्या या नियमाचा उपयोग कल्याणच्या मुलांना आपल्या गावच्या इतिहासासाठीही करता येईल. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर कल्याणच्या खाडीवर, दुर्गाडीच्या परिसरात, मराठी आरमाराची जहाजे बांधण्याचे काम सुरू झाले. दुर्गाडीच्या देखाव्यात गलबत आणि गुराब या दोन्ही नौका ठेवायच्या असतील तर त्यांच्या लांबीत किती फरक ठेवावा? रॉबर्ट ऑर्म हा अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार पुढच्या काळातल्या आंग्र्यांच्या आरमाराबद्दल लिहिताना मोठी गुराब ३०० टनांपर्यंत आणि गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे असे सांगतो. म्हणजे गुराब सुमारे ४.३ पट मोठी. मुले ती चौपट लांब करायला निघतील. पण टनाचा आकडा घनफळाशी संबंधित आहे आणि ४.३चे घनमूळ १.६ येते. दोन्ही नौकांची घडण सारखी मानली तर गलबत १० सें.मी. लांब असताना गुराब सुमारे १६ सें.मी. लांब पुरे. प्रत्यक्षात घडणीत फरक होता, तेव्हा हा अंदाजच समजावा. पण ४० सें.मी.ची गुराब नक्कीच चूक, एवढे त्यातून कळते.

प्रमाण वजनालाही लागू करून पाहावे. सुमारे ११०० किलोची जीप १:७२ केली आणि तिचा प्रत्येक भाग त्याच धातूत त्याच प्रमाणात बारीक झाला, तर वजन ११०० किलो भागिले ७२चा घन, म्हणजे केवळ ३ ग्रॅम भरेल. ओतीव धातूची खेळणी याहून पुष्कळ जड असतात, कारण त्यांचा पत्रा प्रमाणात नसतो. १:७२च्या खेळण्याचा १ मि.मी. जाड पत्रा हा खऱ्या गाडीवर ७२ मि.मी. जाड चिलखत चढवल्यासारखा आहे.

जमीन मात्र आक्रसत नाही

आतापर्यंत माणसे आणि गाड्या जुळवल्या. आता खरी अडचण सुरू होते.

रायगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ८२० मीटर आहे. आपल्या ८ सें.मी.च्या मावळ्याच्या प्रमाणात, म्हणजे १:२१ने, रायगड करायचा तर त्याची उंची ३९ मीटर होईल. ही तेरा मजली इमारत झाली. पायथ्याच्या गावाची उंची वजा केली तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही. उलट, किल्ला ६० सें.मी. उंच ठेवून त्याच्या प्रमाणात मावळा करायचा ठरवला तर किल्ल्याचे प्रमाण सुमारे १:१३६७ येते आणि मावळा सव्वा मि.मी. उंच होतो. म्हणजे उतारावर पेरलेला मोहरीचा दाणाच मावळा!

सपाटीवरही हेच. ठाणे ते कल्याण हे रेल्वेने सुमारे २० कि.मी. अंतर १:७२ प्रमाणात पावणेतीनशे मीटरांहून अधिक होते. कारगिलच्या देखाव्यातली बोफोर्स तोफ घ्या. तिचा पल्ला सुमारे २४ कि.मी.; ठाणे स्टेशनाजवळ उभी केली तर गोळा कल्याणच्याही पलीकडे जाईल. १:७२च्या प्रतिकृतीसाठी हा पल्ला ३३३ मीटर होतो. टेबलावर ती तोफ शत्रूच्या बंकरपासून हातभर अंतरावर मांडली की मुलाच्या मनात तोफखान्याचे चित्रच उलटे होते. तोफ चालवणाऱ्याला लक्ष्य बहुधा दिसतही नाही, त्यासाठी निरीक्षक, नकाशा आणि गणित लागते, ही गोष्ट त्या मांडणीत हरवते.

यावर उपाय एका प्रशियन अधिकाऱ्याच्या खेळात सापडतो. १८१२ साली रायस्विट्झ नावाच्या गृहस्थांनी प्रशियाच्या राजाला प्लॅस्टरच्या तुकड्यांनी भूप्रदेश मांडता येईल असे युद्धखेळाचे टेबल दाखवले. त्यांच्या तोफखान्यातील लेफ्टनंट मुलाने १८२४ साली तो खेळ नकाशावर आणला. नकाशाचे प्रमाण १:८०००. त्यावर सैनिकांच्या बाहुल्या नव्हत्या, लाल आणि निळे छोटे ठोकळे होते. तुकडी प्रत्यक्ष जमिनीवर जेवढी जागा अडवील, तेवढाच ठोकळा नकाशावर जागा अडवी. खेळातली एक पाळी म्हणजे प्रत्यक्षातली २ मिनिटे. माणूस दोन मिनिटांत सुमारे १५० मीटर चालतो, तेव्हा १:८०००च्या नकाशावर पायदळाचा ठोकळा एका पाळीत १९ मि.मी.च्या आसपासच सरकणार. या प्रमाणात ठाणे-कल्याण अंतर अडीच मीटर होते. वर्गातली दोन-तीन बाके जोडली की ते मांडता येते.

त्यानंतरच्या छांदिष्टांनी तडजोड केली. त्यांनी दोन प्रमाणे ठेवली: सैनिक आणि गाड्या एका प्रमाणात, जमीन दुसऱ्या प्रमाणात. एक गाडी म्हणजे चार-पाच गाड्या, एक सैनिक म्हणजे वीस-पंचवीस सैनिक असेही ठरवून टाकले. हे खोटे आहे, पण सांगून केलेले खोटे आहे. नकाशात रेल्वेमार्गाची रेघ प्रमाणापेक्षा जाड काढतात आणि खाली सूची देतात, तसेच हे. किल्ल्यासमोर एक छोटा फलक हवा: ‘माणसे व गाड्या १:२१, किल्ल्याची उंची सुमारे १:१३७०.’ हा फलक लावणाऱ्या मुलाला रायगड का अजिंक्य मानला जाई, हे पाहुण्यांना समजावून सांगता येईल. कारण आपण डोंगर माणसांच्या मानाने पासष्ट पट ठेंगणा केला आहे, हे त्याने स्वतः मोजलेले असेल.

डोळ्याला दूर नेणे

डोळ्याला वस्तूचा आकार तिने केलेल्या कोनावरून कळतो. १:७२चा सैनिक एक मीटरवरून पाहिला तर तो ७२ मीटरवरच्या खऱ्या माणसाइतकाच कोन करतो. १:१४४चा सैनिक तेवढ्याच अंतरावर १४४ मीटरवरच्या माणसासारखा दिसतो.

याचा फायदा किल्ल्यावर घेता येतो. पायथ्याशी ८ सें.मी.चे मावळे आणि माथ्यावर ४ सें.मी.चे ठेवले तर माथा दुप्पट लांब असल्याचा भास होतो. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. मोठे आणि छोटे मावळे शेजारी येऊ देऊ नयेत, मध्ये तटाची भिंत किंवा झाडी असावी. आणि मावळा लहान झाला की त्याच्या शेजारची तोफ, पायरी, दरवाजा आणि तंबूही तितकेच लहान झाले पाहिजेत.

वर्गात करून पाहा

१. प्रत्येक गटाने आपला एक मावळा आणावा. त्याच्या उंचीवरून पुठ्ठ्याची मापपट्टी तयार करावी. ८ सें.मी.च्या मावळ्यासाठी १ मीटर म्हणजे ४.८ सें.मी. पट्टीवर १ ते ६ मीटरांच्या खुणा कराव्यात. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर खरेदीला जाताना ही पट्टी खिशात असली की घेतलेली गाडी वाया जात नाही.

२. शाळेच्या जिन्याची पायरी, वर्गाचे दार आणि रिक्षा यांची खरी मापे घेऊन ती आपल्या मापपट्टीत बदलावीत. किल्ल्याच्या पायऱ्या त्याप्रमाणे कराव्यात. बहुतेक किल्ल्यांच्या पायऱ्या मावळ्याच्या गुडघ्याएवढ्या निघतात, हे मुलांनाच सापडू द्यावे.

३. घरातल्या दहा गाड्या गोळा करून प्रत्येकीचे प्रमाण लांबीवरून आणि रुंदीवरून काढावे. कोणत्या गाड्या एका टेबलावर चालतील? गट पाडून कारणे लिहावीत.

४. भारतीय ब्रॉडगेज रुळांमधील अंतर १६७६ मि.मी. आहे. बाजारातील खेळण्याचे रूळ १६.५ मि.मी. अंतराचे असतील, तर त्यांवर धावणाऱ्या लोकल गाडीचे प्रमाण किती हवे? या लोकलचा ३.६६ मीटर रुंद डबा किती रुंद होईल?

खेळण्यातील सैनिकांवर एच. जी. वेल्स या विज्ञानकथालेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. त्यात सुमारे ५४ मि.मी. उंचीचे सैनिक आणि स्प्रिंगवर चालणाऱ्या तोफा घेऊन जमिनीवर खेळण्याचे नियम आहेत. हा सगळा खेळ रंगवून सांगितल्यावर शेवटी वेल्सने लिहिले की, असे छोटे युद्ध तीन-चारदा खेळले की खरे युद्ध किती गबाळे आणि किती अवाढव्य असते हे कळू लागते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. खेळातला एक सैनिक वीस माणसांच्या जागी उभा असेल, तर तो आडवा पडल्यावर वीस म्हणून मोजायला मुलांना जरूर सांगावे. किल्ल्यासमोरच्या फलकावर त्या प्रमाणाचीही एक ओळ असू द्यावी.